नील बेटावरचा वाणसौदा

अमळनेरला माझे किराणा दुकान आहे आणि गेली चाळीस वर्षे मी त्याच्या गल्ल्यावर बसतो आहे. एवढ्या काळात स्वतःच्या घरासाठी दुसऱ्याच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे राहण्याची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. ती वेळ गेल्या जानेवारीत अंदमानातील नील बेटावर आली, आणि तीही सलग सहा दिवस. परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक जण समुद्राबद्दल विचारतो. समुद्र सुंदरच आहे. पण मला सांगावेसे वाटते ते तेथील बाजाराबद्दल.

मी, सौभाग्यवती, मुलगी, जावई आणि नातू असे आम्ही पाच जण भुसावळहून रेल्वेने हावड्याला आणि कोलकात्याहून विमानाने पोर्ट ब्लेअरला गेलो. या शहराचे नाव आता श्री विजयपुरम झाले आहे. तेथून सरकारी बोटीने सुमारे दोन तासांत आम्ही नीलला उतरलो. डिसेंबर २०१८ पासून या बेटाचेही अधिकृत नाव शहीद द्वीप असे आहे. मात्र तेथील माणसे बोलताना अजूनही नीलच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. बेट इतके लहान आहे की सायकलवरून एका दिवसात सगळे पाहून होते. किनाऱ्यांची आणि वस्त्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी आहेत, आणि बाजार जेथे भरतो त्या जागेला नील केंद्र म्हणतात. आम्ही हॉटेलात न राहता एका शेतकरी कुटुंबाने भाड्याने दिलेल्या दोन खोल्या घेतल्या होत्या. तेथे स्वयंपाकघर होते. आम्ही शाकाहारी असल्यामुळे, आणि सौभाग्यवतीला परमुलखात दोन दिवसांपेक्षा अधिक बाहेरचे जेवण सोसत नसल्यामुळे, ही सोय पाहूनच जागा ठरवली होती.

निघण्यापूर्वी घरात एक वाद झाला होता. सौभाग्यवतीने एका पिशवीत कळण्याचे म्हणजे ज्वारी-उडदाचे पीठ, काळा मसाला, एक किलो तूरडाळ, शेंगदाणे, हिंग, खोबऱ्याची वाटी आणि थोडे बिबडे (ज्वारीचे पापड) असे सामान बांधले. मी त्याला हरकत घेतली. जेथे माणसे राहतात तेथे किराणा मिळणारच, मग अडीच-तीन हजार किलोमीटर ओझे कशाला वाहायचे, असे माझे म्हणणे होते. त्यावर ती म्हणाली, "अहो, तुमच्या दुकानात माल संपला तर तुम्ही जळगावच्या दाणाबाजारात फोन लावता आणि संध्याकाळपर्यंत टेम्पो दारात उभा राहतो. तिथे टेम्पो कुठून येणार?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला बेटावर चौथ्या दिवशी मिळाले.

पहिल्या दिवशी आम्ही चुकलो ते वेळेच्या हिशेबात. अमळनेर साधारण ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नील ९३ अंशांवर; घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो आणि मावळतोही साधारण तासभर आधी. जानेवारीत साडेपाचच्या आत दिवस बुडतो. आम्ही आपल्या सवयीप्रमाणे सात वाजता निवांत बाजारात गेलो, तेव्हा भाजीवाले केव्हाच उठून गेले होते आणि दोन-तीन दुकानांतच दिवे होते. त्यांतले एक किराणा दुकान उघडे होते, आणि पुढे निघेपर्यंत मी तेथेच जात राहिलो.

दुकानदार पन्नाशीचे, बांगला बोलणारे. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या बेटावर वसवले, आणि आजही बेटावर त्यांचीच वस्ती मोठी आहे. माझ्याशी ते हिंदीत बोलत. मी त्यांना दादा म्हणत असे आणि तेही मला दादाच म्हणत.

दुसऱ्याच्या दुकानात गेल्यावर माझी नजर आधी मांडणीवर जाते, आणि या दुकानाची मांडणी मला पहिल्याच दिवशी बरेच काही सांगून गेली. आमच्याकडे पोती जमिनीवर, फार तर लाकडी फळीवर ठेवतात. येथे एकही पोते जमिनीला टेकलेले नव्हते आणि भिंतीलाही लागलेले नव्हते. समुद्राच्या दमट हवेपासून माल वाचवायचा तर त्याला खालून आणि मागून वारा लागलाच पाहिजे. साखर, रवा, मैदा हे सगळे झाकणाच्या डब्यांत होते. आगपेट्या काचेच्या बरणीत ठेवलेल्या पाहून मला प्रथम आश्चर्य वाटले, मग कारण ध्यानात आले. सुटे मीठ तर नव्हतेच, फक्त पाकिटातले होते. बिस्किटांचे पुडे थोडेच होते आणि त्यांवरील तारखा अलीकडच्या होत्या, म्हणजे ते माल कमी आणि वरचेवर उचलत होते. तेलात सरसूचे म्हणजे मोहरीचे तेल सर्वांत पुढे होते, मागे सोयाबीनचे होते आणि शेंगदाण्याचे नव्हतेच. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला त्या गावातला मी; तेल-तुपाचे वास ओळखण्यातच माझा जन्म गेला. सरसूच्या तेलातली फोडणी मला पहिले दोन दिवस जड गेली आणि तिसऱ्या दिवसापासून आवडू लागली.

पाकिटबंद मालाचे दर छापील किमतीप्रमाणेच होते, त्यात एक पैसाही अधिक नव्हता. फरक होता तो कांदा, बटाटा, लसूण यांच्या भावात. तो आमच्या गावच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट होता. जावयांनी तो ऐकून माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, कारण दुसऱ्याच्या वजनकाट्यापुढे उभे राहून भावावर शेरा मारणे आमच्या धंद्यात चांगले समजत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी आणि सौभाग्यवती पुन्हा बाजारात गेलो आणि तेथे खरे नील बेट पाहिले. अंदमानातील भाजीचे कोठार म्हणून हे बेट ओळखले जाते. पावसाळ्यात भात घेतात आणि भात निघाले की त्याच वावरात भाजीपाला लावतात. तो येथून बोटीने राजधानीच्या शहरात जातो. वांगी, भेंडी, दोडके, कारली, दुधी, लाल भोपळा, मुळा, मायाळू, टोमॅटो असे सगळे ताजे आणि दवाने ओले. विकणाऱ्या बहुतेक बायाबापड्या स्वतःच पिकवणाऱ्या होत्या. भावही रास्त होते. कित्येक भाज्या आमच्या आठवडे बाजाराइतक्याच स्वस्त पडल्या. एका आजीबाईंच्या टोपलीत लांबट, कातरलेल्या कडांची पाने होती. सौभाग्यवतीने एक पान चुरगाळून नाकाशी नेले आणि माझ्या हातात दिले. वास कोथिंबिरीचा होता, पण दुप्पट उग्र. त्या पानांना तेथे बर्मा धनिया म्हणतात. आपली कोथिंबीर तेथे महाग आणि सुकलेली होती. ही पाने मात्र परसात, सावलीत, आपोआप वाढल्यासारखी उगवतात. पुढे निघेपर्यंत आमच्या वरणात आणि भाजीत तीच पडली.

येथेच माझ्या लक्षात आले की या बेटावर दोन वेगळे बाजार आहेत. जे मातीतून निघते ते पहाटे, स्वस्त आणि भरपूर मिळते. जे जहाजातून उतरते ते दुकानात, मोजके आणि महाग मिळते. डाळी, पीठ, साखर, तेल, चहा, कांदा, बटाटा हे सगळे मुख्य भूमीवरून येते. चेन्नई किंवा कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर सुमारे बाराशे किलोमीटर आहे, जहाजाला साधारण तीन दिवस लागतात, आणि तेथून पुन्हा लहान बोटीने माल नीलला यायचा. ज्वारी आणि बाजरीचे तर नावच नव्हते. सौभाग्यवतीने आणलेल्या कळण्याच्या पिठाबद्दल मी तिला त्या दिवशी मनापासून शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी मी कांदे घ्यायला गेलो. पाच माणसे, उरलेले चार दिवस, असा हिशेब करून मी दोन किलो मागितले. दुकानात कोपऱ्यात जाळीच्या गोणीत तळाशी थोडे कांदे उरलेले दिसत होते, अंदाजे आठ-दहा किलो. दादांनी गोणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दादा, दो किलो नहीं होगा. आधा किलो ले जाइए. कल फिर आधा ले जाना."

जावई बरोबर होते, त्यांना ते रुचले नाही. पूर्ण पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला समोर माल असताना नाही म्हणायचे, ही गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटली. मला मात्र तो नकार ऐकताक्षणी ओळखीचा वाटला. चेन्नईचे मालवाहू जहाज चार दिवस उशिरा होते आणि पुढची खेप केव्हा येईल हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. त्या आठ-दहा किलोंत गावातल्या किती घरांची आमटी शिजायची होती हे फक्त त्या माणसाला माहीत होते. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मीही हेच केले होते. पहिल्याच आठवड्यात बाहेरगावची एक मोटार माझ्या दुकानापुढे थांबली आणि आतल्या गृहस्थांनी रोख पैसे पुढे करून गव्हाच्या पिठाचे चार कट्टे एकदम मागितले. माझ्याकडे सहाच होते. मी त्यांना पाच किलो दिले आणि बाकीचे माझ्या गल्लीसाठी राखले, कारण जळगावहून गाडी येईपर्यंत माझ्याच दारात येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मी परत पाठवू शकत नव्हतो. ते गृहस्थ फार रागावून गेले. नीलच्या त्या दुकानात आता मी मोटारीतल्या माणसाच्या जागी उभा होतो.

मी अर्धा किलो घेतला. परतताना जावयांना हे सगळे सांगितले, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. सुट्टीवर गेलेल्या माणसाला आपले पैसे सगळीकडे सारखेच चालतात असे वाटते. पण ज्या गावात माल समुद्रावर अवलंबून आहे, तेथे आपण एका आठवड्यासाठी भरलेली पिशवी म्हणजे कोणाच्या तरी घरातला कमी झालेला शिधा असतो. आमचे परतीचे तिकीट काढलेले होते. गावातल्या माणसांना जहाज येवो न येवो, तेथेच राहायचे होते. दुकानदाराने आधी त्यांचे पाहावे, हेच बरोबर होते आणि त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदरच वाढला. त्या दिवसापासून आम्ही एका दिवसापुरतेच सामान आणायचे ठरवले, आणि शक्यतो पहाटेच्या बाजारातलेच.

चौथ्या दिवशी सकाळी धक्क्यावर बोट लागली आणि बाजाराचे रूपच पालटले. हातगाड्यांवरून आणि तीनचाकी टेम्पोंतून पोती, डबे, खोकी येऊ लागली. दुकानापुढे बायका पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. दादांकडे कांद्याचे पन्नास किलोंचे दोन कट्टे आले होते आणि मदतीचा मुलगा त्या दिवशी आला नव्हता. त्यांनी पहिला कट्टा सोडून ताडपत्रीवर ओतला आणि एका हाताने निवडणे, दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला देणे अशी त्यांची धावपळ सुरू झाली. मला राहवले नाही. मी चप्पल काढून ताडपत्रीवर बसलो आणि म्हणालो, "दादा, आप तौलिए, मैं छाँटता हूँ."

कांदा निवडणे हे हाताचे काम आहे, डोळ्यांचे नंतर. चांगला कांदा मुठीत घट्ट लागतो आणि त्याची मान सुकून चिमटलेली असते. मानेपाशी अंगठा दाबल्यावर तो आत गेला तर कांदा आतून गेलेला असतो, वरून कितीही लाल दिसला तरी. हे कांदे लाल खरीपाचे होते, आमच्या धुळे-नाशिककडे निघतात तसेच, आणि हा कांदा मुळातच फार दिवस टिकणारा नसतो. त्याने ट्रकमधला, गोदामातला, जहाजाच्या पोटातला आणि मग लहान बोटीवरचा प्रवास केला होता. कित्येकांच्या मानेतून बोटभर हिरवे कोंब निघाले होते. गोणीच्या मधोमध उष्णतेने एक घोळका पार वितळला होता आणि त्याचे पाणी खालच्या कांद्यांना लागले होते. मी तीन ढीग केले. एक विकण्याजोगा, एक आजच्या आज वापरण्याजोगा, आणि एक टाकण्याचा. टाकण्याचा ढीग दादांनी काट्यावर ठेवला तेव्हा तो चार किलोंच्या वर भरला, आणि आजच्या आज वापरण्याजोगा त्याहून अधिक होता; तो त्यांनी निम्म्या भावाने दिला.

बसल्या जागी मी मनात हिशेब केला. खरेदी, चेन्नईपर्यंतचे भाडे, जहाजाचे भाडे, तीन ठिकाणची हमाली, बोटीचे भाडे, आणि वर दर कट्ट्यामागे एवढी तूट. पहिल्या दिवशी जावयांनी ज्या दुप्पट भावावर माझ्याकडे पाहिले होते, त्यात दादांच्या हाती मला अमळनेरात एका किलोमागे सुटते त्याहून अधिक काही राहत असेल असे मला वाटले नाही. हात धुताना मी त्यांना तसे बोललोही. ते हसले आणि त्यांनी मला चहा पाजला. चहा दुधाच्या पावडरीचा होता, त्यात आले भरपूर होते.

पाचव्या दिवशी आम्ही भरीत केले. आमच्याकडे भरिताचे वांगे हिरवट पांढरे आणि लांब असते. २०१६ साली त्याला जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नीलला जांभळी, गोल, पोटात थोडी अधिक बियांची वांगी होती. आम्ही वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतो. येथे कपाशी नाही, म्हणून घरमालकिणीने, ज्यांना आम्ही सगळे बौदी (बांगलात वहिनी) म्हणू लागलो होतो, अंगणात नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि करवंट्या रचून दिल्या. करवंटीचा विस्तव मंद आणि सारखा लागतो, त्यामुळे वांगी भाजायला वेळ लागला, पण साल कागदासारखी सुटून आली. ठेचायला आमच्याकडची लाकडी बडगी नव्हती, म्हणून पातेल्यात लाकडी रवीच्या बुंध्याने ठेचली. हिरव्या मिरच्या त्याच विस्तवावर भाजल्या. लसूण, तळलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घातले. कांद्याची पात मिळाली नाही. पण निवडताना बाजूला पडलेल्या कांद्यांचे हिरवे कोंब दादांनी मला कागदात बांधून दिले होते, तेच चिरून घातले, आणि वर बर्मा धनियाची पाने. कळण्याच्या पुऱ्या सौभाग्यवतीने तळल्या. बौदींच्या घरातली चार माणसे आणि आम्ही पाच असे अंगणात एकत्र जेवलो. चव खान्देशातल्या भरितासारखी नव्हती, धूर वेगळा होता आणि त्या पानांचा उग्रपणा शेवटपर्यंत जिभेवर राहत होता. नातवाने तीनदा वाढून घेतले. निघताना उरलेला काळा मसाला सौभाग्यवतीने बौदींना दिला आणि भाजीत किती घालायचा ते चमच्याने मोजून दाखवले.

पैशांबद्दल सांगायचे राहिले. फोनवरून पैसे देण्याची सवय घेऊन तेथे जाणाऱ्याने सुट्या नोटा बरोबर ठेवाव्यात. आमच्या फोनांना तेथे दिवसातून काही वेळच नेट मिळे आणि आमच्याजवळच्या रोख नोटा दुसऱ्याच दिवशी मोठ्या उरल्या, ज्यांचे सुटे कोणाजवळ नसे. तेव्हा दादा म्हणाले की राहू द्या, मी लिहून ठेवतो, जाताना द्या. आठवडाभराच्या पाहुण्याला उधार द्यायला मी स्वतः धजावलो असतो की नाही, हे मला सांगता येणार नाही.

सहाव्या दिवशी सकाळी बोटीच्या आधी मी हिशेब पुरा करायला गेलो. त्यांनी गल्ल्याखालून वही काढली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, आपल्याकडे असते तशीच. बांगला अक्षरे मला वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी बोट ठेवून माझे पान दाखवले आणि वाचून सांगितले: 'महाराष्ट्र दादा'. खाली ओळीने तारखा होत्या आणि त्यांपुढे अर्धा किलो कांदे, चहा, साखर, आगपेटी, पुन्हा अर्धा किलो कांदे. चाळीस वर्षे मी लोकांची नावे अशा वहीत लिहीत आलो. माझे नाव कोणाच्या वहीत मी प्रथमच पाहत होतो. मी पैसे मोजून दिले. त्यांनी ते पुन्हा मोजले, जसे मोजले पाहिजेत तसे, आणि लाल शाईच्या पेनाने त्या पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली.